कुठून मोजलं?

“‘साहेबांना नमस्कार. पत्रास कारण की,’” दाढीवाल्याने वाचायला सुरुवात केली आणि तिथेच थांबून टेबलाभोवती नजर फिरवली. “अजून लिहितात लोक असं. मला वाटलं, ही जमात संपली.”

टेबलाभोवतीची सात माणसे हसली. आठवी ती. तिच्या हातातला कप ओठांपर्यंत आला होता, तो तिथेच राहिला. पहिल्या पाच शब्दांतच तिने पत्र ओळखले होते.

महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी ही बैठक व्हायची. कंपनी एकच वस्तू बनवत असे. कॉम्प्युटरवर लाकूडकामाचे चित्र काढायचे, आणि त्यावरून मशीनच्या फिरत्या पात्याने, म्हणजे बिटाने, कुठे शिरायचे, किती खोल जायचे, कुठे वळायचे याची वाट आखायची, असे ते सॉफ्टवेअर होते. दारे, पाट्या, कपाटांच्या फळ्या, कोरीव चौकटी करणारी हजारो दुकाने ते वापरत. दुकानदार कंपनीला लिहीत, आम्हाला हे हवे, ते हवे. ते सगळे वाचायचे, एकसारख्या मागण्यांची मोळी बांधायची आणि महिनाअखेर टेबलावर आणून टाकायची, हे तिचे काम. ऑफिसात तिला ‘मागण्यांची बाई’ म्हणत. तिला ते आवडत असे.

मागण्या तरी किती तऱ्हेच्या. कुणाला फळी घट्ट धरणारे क्लॅम्प पडद्यावर दिसायला हवे होते, म्हणजे बिट त्यांच्यावर जाऊन आपटणार नाही. कुणाला बिट मध्येच मोडला तर काम तिथूनच पुढे सुरू करायचे होते. कुणाला वेळेचा खरा अंदाज हवा होता. ‘तुमची वीस मिनिटे न्हाव्याच्या पाच मिनिटांसारखी आहेत,’ असे त्याने लिहिले होते. एका बाईंनी एकच ओळ पाठवली होती, अक्षरे मोठी करा, आम्हीही म्हाताऱ्या होतो. आणि एका महाभागाने कापलेले परत जोडायची सोय मागितली होती.

शेवटी सगळे कंटाळले की एक गमतीचे पत्र वाचायची प्रथा होती. ही प्रथा तिनेच तीन वर्षांपूर्वी पाडली होती. माणसे जागी होत, हसत, आणि खुर्च्या मागे सारून उठताना एकमेकांशी बरी वागत. या महिन्यात पत्र निवडायची पाळी दाढीवाल्याची होती, आणि तिने अजून न वाचलेल्या पत्रांतून त्याने हे उचलले होते. प्रोग्राम लिहिणाऱ्यांत तो सगळ्यांत हुशार, मनाने वाईट मुळीच नाही. पण वाचताना आवाज काढायचा. आता त्याने एका म्हाताऱ्याचा आवाज काढला होता. खऱ्या आवाजाशी त्याचे काहीच साम्य नव्हते, तेवढीच तिला वाचवणारी गोष्ट.

“‘पत्रास कारण की मी तुमचे सॉफ्टवेअर चार वर्षे वापरतो चांगले आहे. एकच मागणे आहे. मशीन सुरू करण्याआधी मला विचारावे की बाबा रे कुठून मोजलं. फळीच्या वरून की ती ज्यावर ठेवतो त्या खालच्या बेडवरून. कारण फाइलमध्ये एक असते आणि माणूस दुसरेच करून बसतो. आमच्यात रीत होती की विचारल्याशिवाय आणि सांगितल्याशिवाय करवत लावायची नाही. पूर्वी माझी मुलगी फळीचे दुसरे टोक धरायची तेव्हा ती विचारायची. आता मी एकटाच असतो. मशीन काही विचारत नाही. हल्ली माझ्या लक्षात राहत नाही. तरी विचारावे ही विनंती. लहान तोंडी मोठा घास घेतला असल्यास क्षमा असावी.’”

दाढीवाल्याने कागद खाली ठेवला. “म्हणजे आता प्रत्येक मशीनबरोबर एक मुलगी पाठवायची. टोक धरायला.”

या वेळी हसणे मोठे झाले. प्रमुखसुद्धा हसले. आणि तीही हसली. तिचे हसू कुणापेक्षा कमी नव्हते. इतरांच्या आधी संपले, एवढेच.

प्रमुखांनी तिच्याकडे पाहिले. याचं काय करायचं, हे शेवटी तीच सांगत असे.

“वापरणाऱ्याची चूक आहे,” ती म्हणाली. “मोजताना त्यानंच लक्ष द्यायला हवं. बंद करू.”

पुढे कित्येक दिवस तिने स्वतःशी वाद घातला. तिने काय करायला हवे होते? उभे राहून सांगायचे, की थांबा, ती मुलगी मी? सगळे वरमले असते, दाढीवाल्याने माफी मागितली असती. दोन मिनिटांचा अवघडलेपणा, बस. पण त्या दोन मिनिटांत सगळ्यांना कळले असते की मागण्यांच्या बाईचे वडील सुतार आहेत आणि ते ‘पत्रास कारण की’ लिहितात. वडील सुतार असल्याची तिला कधी लाज वाटली नव्हती, असे तिला वाटत आले होते. त्या शुक्रवारी कळले, की ती वेळच तोवर आली नव्हती.

पत्राला उत्तर लिहायचे कामही तिचेच. तिने लिहिले, “आपल्या सूचनेबद्दल आम्ही आभारी आहोत. काम सुरू करण्याआधी मोजमापाचे शून्य कुठे घेतले आहे हे तपासण्याची जबाबदारी वापरणाऱ्याची असल्याने सध्या या सूचनेवर विचार करता येत नाही. आपला लोभ असाच राहावा.” खाली ‘मदत विभाग’. शेवटचे वाक्य ती कुणालाच लिहीत नसे. यांना लिहिले.

*

दुकान घराच्या मागच्या अंगाला होते. एकच लांबट खोली, वर पत्रा, एका भिंतीला उभ्या रचलेल्या फळ्या, आणि मधोमध ते मशीन. अठ्ठावन्नाव्या वर्षी बाबांनी ते आणले तेव्हा शेजारच्या काचवाल्याने शिंगे मोडून वासरांत शिरल्याचा टोमणा मारला होता. बाबा म्हणाले होते, शिंगं होती कधी? सहा महिन्यांत ते शिकले. रंधा धरून धरून आखडलेल्या बोटांनी कॉम्प्युटरची बटणे एकेक करून दाबत, जशी काही बटणे मोडतील.

त्याआधीची सगळी वर्षे करवतीची. शाळेतून आल्यावर ती फळीचे दुसरे टोक धरायला उभी राहायची. बाबा मोजून पेन्सिलीने रेघ मारत, करवत उचलत, पण लावत नसत. तिच्याकडे बघत थांबत. मग तिने विचारायचे, “कुठून मोजलं?” आणि त्यांनी सांगायचे, “गाठीकडून,” किंवा “भिंतीकडून.” मगच पहिला दात लाकडात जाई. कधी ती मुद्दाम गप्प राहायची. तेही करवत हातात धरून तसेच उभे राहत, हूं की चूं नाही. आई आतून ओरडायची, की दोघांची समाधी लागली का? कॉलेजला जाईपर्यंत ती हे करत होती. मग ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली, आणि बाबांनी फळ्या क्लॅम्पनी धरायला सुरुवात केली.

त्या रविवारी ती दुकानात शिरली आणि पहिली गोष्ट दिसली ती तिने लिहिलेले पत्र. बाबांनी ते छापून आणले होते आणि मशीनच्या खटक्याच्या वर, भिंतीत खिळा ठोकून टांगले होते.

“कंपनीनं उत्तर पाठवलं,” ते म्हणाले. “दोन दिवसांत. काचवाल्याला दाखवलं तर त्याला खरंच वाटेना.”

तिने वाचल्यासारखे केले.

“नाही म्हटलंय,” बाबा म्हणाले. “पण बघ, नाही कसं चांगलं म्हटलंय. लोभ असाच राहावा.”

“हं.”

“तुमच्याकडे ही उत्तरं कोण लिहितं गं?”

ती फळ्यांच्या रांगेकडे बघत म्हणाली, “आपोआप जातात, बाबा. कॉम्प्युटरच लिहितो.”

“तरीच.” त्यांनी कोपऱ्यातला झाडू उचलला. “माणूस असता तर निदान विचारलं असतं, की काय झालं म्हणून.”

मशीनच्या पायांशी भुशाचा ढीग होता, तो ते ओढू लागले. काय झालं, हे तिने तेव्हाही विचारले नाही. तिला फक्त ते पत्र भिंतीवरून जायला हवे होते, आणि काचवाला पुन्हा कुणाला काही सांगायच्या आत हा विषय संपायला हवा होता. म्हणून ती घाईने, आपल्या परीने समजावणीच्या सुरात म्हणाली,

“आणि बाबा, कंपनीला लिहिताना ते पत्रास कारण की वगैरे नका लिहीत जाऊ. लोक हसतात.”

झाडू थांबला. क्षणभरच. मग पुन्हा सुरू झाला, पण भुसा ज्या बाजूला ओढला होता त्याच्या उलट बाजूला.

“बरं,” बाबा म्हणाले. आणि थोड्या वेळाने, “जा, आई चहाला थांबली असेल.”

चहा झाला, गप्पा झाल्या. निघताना बाबा फाटकापर्यंत आले आणि नेहमीसारखे म्हणाले, “या मॅडम, सावकाश.” ती बसमध्ये बसली. तीन थांबे गेल्यावर तिच्या लक्षात आले. बाबांनी तिला कंपनीचे उत्तर दाखवले होते. स्वतःचे पत्र दाखवले नव्हते. त्यात काय लिहिले होते हेही सांगितले नव्हते.

ते पत्र कुठे वाचले गेले, कोण हसले, उत्तर कुणी लिहिले, हे सगळे बाबांना तिच्या त्या एका वाक्यातून कळले होते. फळीची तिरपी बाजू डोळा मिटून ओळखणाऱ्या माणसाला ते न कळायला काय झाले. आणि त्यांनी तिला चहाला पाठवले.

पुढच्या खेपेला भिंतीवरचे पत्र गेलेले होते. खिळा तसाच होता. त्याला सुतळीने पेन्सिल बांधली होती, आणि रचलेल्या प्रत्येक फळीवर त्या पेन्सिलीने ठळक लिहिले होते: वरून. वरून. बेड. वरून. तिला बरे वाटले. माणसाने आपला उपाय आपणच काढला, असे ती धरून चालली. हल्ली माझ्या लक्षात राहत नाही, हे वाक्य दाढीवाल्याच्या आवाजात तिच्या कानांवरून गेले होते. ते तिने बाबांच्या आवाजात अजून ऐकलेच नव्हते.

*

पावसाळा संपल्यावर आईचा फोन आला. बाबांच्या मशीनचा बिट मोडला होता. नुसता मोडला नव्हता. चूक तीच झाली होती. फाइलला फळीची वरची बाजू म्हणजे झीरो असे वाटत होते, आणि बाबांनी झीरो खालच्या बेडवर घेतला होता. त्यामुळे बिटाला वाटले, अजून लाकूड यायचेच आहे. तो अख्खी फळी फोडून खाली बेडात शिरला आणि तसाच पुढे सरकत गेला. एका वकिलाच्या दाराची फळी होती, महिनाभर वाळवलेली. तिचे दोन तुकडे झाले.

“ते म्हणतात, लाकडात खिळा होता,” आई म्हणाली. “खिळा नव्हता. मी दारातच उभी होते. फळीवर स्वतःच्याच अक्षरात वरून असं लिहिलंय, आणि तेच वाचून त्यांनी खाली घेतलं. अगदी हसत घेतलं गं.”

मग आईने साठवून ठेवलेले सगळे बाहेर काढले. डिंक आणायला गेले आणि काचवाल्याकडे तासभर बसून हात हलवत परत आले. एकाच माणसाला एकाच दिवशी दोनदा फोन केला. त्यांच्या भावाच्या मुलीला तुझ्या नावाने हाक मारतात. तुला कशाला सांगायचं, तू कामात असतेस, असे तेच म्हणत.

“कधीपासून?” तिने विचारले.

“झालं की वर्ष.”

वर्ष. तिने मनाशी हिशेब केला, तसा तो करायची गरजच नव्हती. पत्र त्या वर्षाच्या आतले होते. घरात कुणालाही सांगता न आलेली गोष्ट बाबांनी एका कंपनीच्या सूचनापेटीत जाऊन सांगितली होती, आणि त्या पेटीच्या तळाशी तीच बसली होती.

डॉक्टरांनी ठेवणीतले शब्द वापरले. मशीन बंद झाले. बेडात पडलेली वीतभर खाच मात्र बाबांनी स्वतः भरली. सागाचा तुकडा बेतून, घासून, असा बसवला की बोट फिरवले तरी कळू नये. तेवढे हातांना येत होते. हात विसरले नव्हते.

थंडीच्या सुरुवातीला एका दुपारी ती त्यांच्याजवळ मागच्या पायरीवर बसली. बाबा हातातला एक लाकडी ठोकळा घासत होते. तो कशाचाच नव्हता, नुसता घासायचा म्हणून. ऊन होते. आई आत झोपली होती. आता नाही तर कधी, असे मनाशी म्हणून ती बोलली.

“बाबा, ते तुमचं पत्र. कंपनीला लिहिलेलं.”

ते घासत राहिले. “कुठलं पत्र?”

तिने त्यांच्याकडे पाहिले. त्यांचे डोळे ठोकळ्यावर होते. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हते. खरेच विसरले होते, की तिला पुन्हा एकदा चहाला पाठवत होते? ते तिला तेव्हा कळले नाही आणि आता कधी कळणारही नाही.

“काही नाही,” ती म्हणाली.

“महत्त्वाचं होतं का?”

“हो.”

“मग तो माणूस परत लिहील,” बाबांनी ठोकळ्यावर फुंकर मारली. “महत्त्वाचं असलं की माणूस परत लिहितो.”

बाबांनी परत कधीच लिहिले नव्हते.

महिनाभराने, साध्या तापाचे निमित्त होऊन, तीन दिवसांत ते गेले.

*

ती कामावर परतली त्याच्या पुढच्या शुक्रवारी मागण्यांची बैठक होती. यादीत वरच्या नंबरावर एका मोठ्या फर्निचर कारखान्याची मागणी होती. त्यांच्याकडे चाळीस मशीन, तीन पाळ्या. एका पाळीचा माणूस झीरो घेऊन जातो, दुसऱ्या पाळीचा येऊन बटण दाबतो. गेल्या वर्षात अकरा बेड खराब झाले. तरी काम सुरू होण्याआधी सॉफ्टवेअरने विचारावे, की शून्य कुठे घेतले आहे. पत्र नव्हते ते, तक्ता होता, त्यात टक्केवारी होती. कुणी हसले नाही. त्याच अर्थाची आणखी साठ दुकानांची मागणी तिनेच त्याखाली लावली होती.

प्रमुख म्हणाले, हे आधीच कसं सुचलं नाही कुणाला?

“सुचलं होतं,” ती म्हणाली. “गेल्या वर्षी एकानं मागितलं होतं. मी बंद केलं होतं.”

दाढीवाल्याने चुटकी वाजवली. “हां, तो. मुलगीवाला. टोक धरायला मुलगी पाठवा म्हणणारा.” आणि आठवून त्याला पुन्हा हसू आले.

“ती मुलगी मी,” ती म्हणाली.

तिला वाटत होते, हे वाक्य बोलताना आपला आवाज चढेल, किंवा फुटेल. तसे काही झाले नाही. ते वाक्य यादीतल्या एखाद्या बाबीसारखे टेबलावर पडले. कुणीतरी पेनाचे टोपण लावले. प्रमुख म्हणाले, “अगं, मग तेव्हाच सांगायचंस.” ते मायेने म्हणाले, आणि तेच सर्वांत कठीण गेले. बोलून टाकले की हलके वाटते म्हणतात. तिला फक्त एवढे कळले, की हे सांगायला योग्य माणसे ही नव्हती. तो माणूस एकच होता.

मागणी मंजूर झाली. दोन महिन्यांनी येणाऱ्या आवृत्तीत ती जाणार होती. मागणी पुन्हा उघडताना एक रकाना भरावा लागतो, आधी का बंद केली. तिथे तिने लिहिले, ‘न विचारता.’

संध्याकाळी दाढीवाला तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. बराच वेळ त्याने तिच्या कॅलेंडरची पाने चाळली.

“मी तेव्हा आणखी काय काय बोललो होतो?”

“फार नाही,” ती म्हणाली. “हसलो आपण सगळेच.”

“तूही?”

“मीही.”

त्याने मान हलवली. विचारायला नको होते, असे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसले. जाताना म्हणाला, की पडद्यावर येणाऱ्या त्या प्रश्नाच्या चौकटीतले शब्द तूच लिही. तिने ऑफिसच्या भाषेत चार प्रकारे लिहून पाहिले, संदर्भ-पातळी, पृष्ठभाग, निश्चिती. मग सगळे खोडून दोनच शब्द ठेवले. ते प्रमुखांना जरा घरगुती वाटले, पण त्यांनी बदलले नाहीत.

*

मशीन बघायला माणूस रविवारी आला. पाट्या बनवणारा होता, चाळिशीचा, बोलका. त्याने बाबांना ओळखत असल्याचे सांगितले. एकदा बिट उसना नेला होता, म्हणाला, आणि परत द्यायला गेलो तर तुमचे वडील म्हणाले, कुठला बिट? किती मोठं मन. आईने मान खाली घातली.

त्याने मशीनभोवती दोन फेऱ्या मारल्या, पट्टे दाबून पाहिले, बेडावरून हात फिरवला. भरलेल्या खाचेवरून त्याचा हात सरळ पुढे गेला. ती बघत होती. सांगावे की नको, असा प्रश्न तिला पडला नाही.

“इथे खाच आहे,” ती म्हणाली. “बिट शिरला होता. नंतर भरलीय.”

त्याने वाकून, नखाने सांधा शोधला. “कुणी भरली?”

“वडिलांनी.”

“मग काही हरकत नाही,” तो म्हणाला. “चालवून बघू या का?”

तिने खटका वर केला. कॉम्प्युटर जुना, त्यावर जुनीच आवृत्ती. बाबांच्या फाइली तिथे तशाच ओळीने होत्या. त्याने एक छोटी पाटीची फाइल उघडली. ती भिंतीशी गेली आणि एक टाकाऊ फळी घेऊन आली. फळीवर काही लिहिलेले नव्हते. त्याने ती बेडावर ठेवली, दोन्ही बाजूंनी क्लॅम्प आवळले. ती सवयीने दुसऱ्या टोकाशी जाऊन उभी राहिली होती आणि फळीच्या कडेवर तिचे हात टेकले होते, हे तिच्या ध्यानातही आले नाही.

माणूस बोलत बोलत काम करत होता. त्याचे दुकान, त्याचा भाडेकरू, आजकाल पाट्यांवर लोकांना हवी असलेली अक्षरे. बोलत बोलतच त्याने बिट खाली आणला, बेडाला टेकवला, झीरो घेतला. पडद्यावर काहीच आले नाही. पडद्याने काहीच विचारले नाही. त्याचा अंगठा हिरव्या बटणाकडे गेला.

“कुठून मोजलं?” तिने विचारले.

त्याने वर पाहिले. “काय?”

“झीरो. कुठून मोजलं?”

“बेडवरून. आम्ही नेहमी बेडवरूनच...” त्याने पडद्याकडे नजर टाकली, मग फळीकडे, मग पुन्हा पडद्याकडे. अंगठा बटणावरून मागे आला. “यांची फाइल वरून आहे, नाही का?”

“वरून,” ती म्हणाली.

“गेला असता हा खाली.” तो स्वतःशीच हसला, थोडा ओशाळून. मग बिट वर उचलला, फळीच्या पृष्ठावर नेला, खाली कागदाचा एक पातळ तुकडा सरकवून अलगद टेकवला आणि पुन्हा झीरो घेतला. या वेळी तो गप्प होता. सगळे झाल्यावर त्याने बटण दाबले नाही. तिच्याकडे पाहिले.

तिने मान हलवली.

बिट खाली आला आणि लाकडाला जेवढा लागायला हवा तेवढाच लागला. भुशाची एक बारीक रेघ उठली. दारात आई येऊन उभी राहिली होती, पदराला हात पुसत.

“हात काढा, ताई,” मशीनच्या आवाजातही ऐकू जावे म्हणून तो मोठ्याने म्हणाला. “क्लॅम्पनी धरलंय.”

“हो,” ती म्हणाली, आणि हात काढले.